सूचनेला मुदतीत उत्तर: कामगार-सहभाग वाढवणाऱ्या एका सल्लागार सेवेचे सोलापुरातून परीक्षण

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणाऱ्या ज्या कारखान्यात मी प्रशासनाचे आणि उत्पादन नियोजनाचे काम पाहते, तेथे गेले सुमारे वर्षभर बाहेरगावच्या एका सल्लागार संस्थेची सेवा घेतली गेली. नवे काही सुचवणे आणि ते करून पाहणे हे काम मालक, डिझायनर आणि मास्तर (विणकामावर देखरेख करणारे तंत्रज्ञ) यांच्यापुरते न राहता मागावरच्या, शिलाईच्या, तपासणीच्या आणि पॅकिंगच्या माणसांपर्यंत पोहोचवणे, हा या सेवेचा घोषित उद्देश आहे. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे संस्थेचे नाव मी देत नाही. शिवाय अशी सेवा देणाऱ्या अनेक संस्थांचा साचा बराचसा सारखाच असतो, त्यामुळे हे परीक्षण त्या साच्याचे आहे असे समजले तरी चालेल. माझे मत आधीच सांगते. या सेवेतील सर्वांत स्वस्त आणि साधा भाग अतिशय मोलाचा निघाला आणि सर्वांत महाग भाग आमच्या फारसा उपयोगी पडला नाही.

सेवेत मिळते ते असे. सुरुवातीला संस्थेची माणसे कारखान्यात येऊन दोन्ही पाळ्यांची पाहणी करतात. त्यानंतर पर्यवेक्षक आणि मास्तर यांचे प्रशिक्षण होते. पाळी बदलताना आठवड्यातून एकदा सर्वांची छोटी बैठक घ्यायची, सूचना पत्रकावर किंवा मोबाइलच्या ॲपवर नोंदवायच्या, महिन्याला आढावा घ्यायचा आणि निवडक सूचनांना बक्षीस द्यायचे, अशी रचना असते. संस्थेचा एक समन्वयक ठरावीक अंतराने येऊन हे सगळे चालू आहे की नाही ते पाहतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १८९८ मध्ये कामगारांच्या सूचनांना बक्षीस देण्यास सुरुवात केली आणि पहिल्या बक्षिसांपैकी एक कारखान्याच्या खिडक्यांच्या काचा पुसाव्यात या सूचनेला मिळाले, असे सांगितले जाते. आपल्याकडे टाटा स्टीलमध्ये १९३२ पासून सूचनापेटीची योजना आहे. टोयोटाने अमेरिकेतील फोर्डच्या कारखान्यातील सूचनापद्धती पाहून १९५१ मध्ये स्वतःची योजना सुरू केली. १९६२ मध्ये जपानमध्ये गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने गुणवत्ता मंडळे, म्हणजे कामातील अडचणींवर एकत्र बसून विचार करणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली आणि १९८० च्या सुमारास ती भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीच्या हैदराबाद कारखान्यातून भारतात आली. म्हणजे एवढा जुना अनुभव उपलब्ध असताना सल्लागाराकडून अपेक्षा असते ती नव्या तत्त्वज्ञानाची नाही, तर आमच्यासारख्या मध्यम कारखान्यात ही गोष्ट दोन महिन्यांत का विझते आणि ती कशी तेवत ठेवावी, हे सांगण्याची. त्या कसोटीवर ही सेवा अर्धी उतरली. पण जो भाग उतरला तो भक्कम होता.

तो भाग म्हणजे उत्तराचा नियम. आलेल्या प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत उत्तर मिळाले पाहिजे, उत्तर नकाराचे असेल तर कारण सांगितले पाहिजे आणि ते सुचवणाऱ्याला तोंडी, त्याच्या कामाच्या जागी जाऊन सांगितले पाहिजे, या तीन अटींवर संस्थेचा समन्वयक अडून बसला. आमच्या दाराशी सूचनापेटी पूर्वीपासून होती आणि सोलापुरातल्या बहुतेक कारखान्यांत ती असते. पेटीत टाकलेल्या कागदाचे पुढे काय होते हे टाकणाऱ्याला कधी कळत नाही, म्हणून पेटी रिकामी राहते, आणि पेटी रिकामी आहे म्हणून कामगारांना काही सुचत नाही असा निष्कर्ष कार्यालयात काढला जातो. नियम लागू झाल्यावर पहिल्या महिन्यात आलेल्या सूचना पंखे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि सायकली लावण्याची जागा यांबद्दल होत्या. यात नवनिर्मिती कुठे आहे, असा प्रश्न आमच्या एका भागीदारांनी विचारला. समन्वयकाने तेव्हा दिलेले उत्तर मला पूर्ण पटले. माणसे आधी स्वतःच्या त्रासाची गोष्ट सांगून पाहतात, ती ऐकली गेली तरच कामाची गोष्ट सांगतात. पाण्याची टाकी हलवली गेली, पंख्यांबद्दल कारणासह नकार दिला गेला आणि त्यानंतरच धागा, बीम (उभा धागा गुंडाळलेला मागावरचा मोठा रूळ), फणी (उभे धागे सारख्या अंतरावर ठेवणारा मागाचा भाग), शिलाई यांबद्दलच्या सूचना येऊ लागल्या.

त्यातील एक सूचना मला येथे नोंदवावीशी वाटते. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते आणि सुती धागा ठिसूळ होऊन मागावर वारंवार तुटतो, हे प्रत्येक विणकराला ठाऊक असते. आमच्याकडे पाण्याचे फवारे उकाडा जाणवू लागल्यावर चालू केले जात. एका विणकराने सुचवले की फवारे माणसाला उकडायला लागण्याआधी, पाळी सुरू होतानाच चालू करावेत, कारण बीमवरचा धागा एकदा वाळला की नंतर कितीही ओलावा दिला तरी तासभर तुटतच राहतो. यासाठी खर्च काहीच नव्हता, वेळ तेवढी बदलायची होती. हे त्यांना अनेक वर्षांपासून ठाऊक होते. विचारले कोणी नव्हते.

आता या सेवेच्या ज्या पैलूला मी सर्वाधिक महत्त्व देते त्याविषयी. सोलापुरातील यंत्रमाग कामगाराची कमाई बहुतांशी कामाच्या नगावर अवलंबून असते. माग थांबवून विचार करणाऱ्या माणसाची त्या वेळेची मजुरी बुडते. त्याहून खोल भीती अशी असते की काम जलद होण्याची युक्ती मालकाला कळली तर उद्या नगाचा दर खाली येईल, किंवा दोन मागांऐवजी चार माग एकाच माणसाच्या गळ्यात पडतील. ही भीती नुसती मनातली नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी आणि पुढच्या लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकेक करून बंद पडलेल्या या शहरात जवळपास प्रत्येक कामगाराच्या घरात काम गेल्याची आठवण कोणी ना कोणी सांगणारे आहे. अशा ठिकाणी ‘तुमच्या कल्पना द्या’ असे फलक लावणे पुरेसे होत नाही.

या बाबतीत संस्थेने घेतलेली भूमिका तिच्या शुल्कापेक्षा मोठी होती. करारावर सही करण्याआधी तिने मालकांकडून लेखी हमी घेतली, की कामगाराने दिलेल्या सूचनेमुळे वेळ वाचला तर त्या कारणाने नगाचा दर कमी केला जाणार नाही, कोणाचे काम जाणार नाही आणि बैठकीच्या वेळेची मजुरी सरासरी कमाईप्रमाणे दिली जाईल. ही हमी मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत दाराजवळ लावली गेली. मालकांना पहिल्या दोन गोष्टी मान्य होत्या आणि तिसरीवर दीर्घ चर्चा झाली. संस्थेने स्पष्ट सांगितले की बैठकीची मजुरी देणार नसाल तर आम्ही काम घेत नाही. ग्राहक गमावण्याची तयारी ठेवून घातलेली अट पाहिल्यावर माझा या लोकांवरील विश्वास वाढला. सेवा घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच भेटीत सल्लागाराला मजुरीच्या हमीबद्दल विचारावे. तो हा विषय टाळत असेल तर पुढे जाऊ नये.

सेवेची सर्वांत ठळक उणीव म्हणजे कोणाला विचारायचे याची तिची कल्पना अपुरी होती. पाहणी मागांच्या शेडमध्ये झाली, प्रशिक्षण पर्यवेक्षकांचे झाले आणि सुरुवातीच्या बैठकाही विणकरांच्याच झाल्या. टॉवेल कापणाऱ्या, काठ शिवणाऱ्या, तपासणाऱ्या आणि घड्या घालणाऱ्या बायकांचा विभाग नियोजनात ‘सहायक’ म्हणून शेवटी ठेवला गेला होता. वास्तविक प्रत्येक टॉवेल जिच्या डोळ्यांखालून आणि हातांखालून जातो ती तपासणीच्या टेबलावरची बाई असते. विणकर आपल्या मागांपुरता माल पाहतो, ती सगळ्या मागांचा पाहते.

आमच्याकडे सदोष टॉवेल दोषाच्या प्रकारानुसार वेगळे केले जात. पाइल (टॉवेलवरचे धाग्याचे उभे फासे) तुटलेले एकीकडे, डाग पडलेले दुसरीकडे, काठ ओढलेले तिसरीकडे, अशी रीत होती. तपासणीतील एका अक्कांनी ते मागाच्या क्रमांकानुसार लावून ठेवले. बैठकीत विचारल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “मॅडम, एकाच मागाचा ढीग वाढतोय, बघा की. काठापासून तेवढ्याच अंतरावर फाटतंय.” मास्तरांनी तो माग उघडून पाहिला, तेव्हा कापड दोन्ही काठांना ताणून धरणाऱ्या भागाचे दाते झिजून खरखरीत झालेले आढळले. दोषाच्या प्रकारानुसार ढीग लावण्याच्या रीतीत हा दोष वेगवेगळ्या मागांच्या मालात मिसळून जात होता. आता सगळा सदोष माल मागाच्या क्रमांकानुसारच ठेवला जातो आणि दुरुस्तीचा क्रम त्यावरून ठरतो. याच विभागातून ग्राहकाचे लेबल नेमके ठरलेल्या अंतरावर शिवण्यासाठी लाकडी फळीचे माप, धाग्यांची टोके कापल्या कापल्या पडण्यासाठी टेबलाला लावलेली पिशवी आणि निरनिराळ्या ग्राहकांच्या घड्यांचे नमुने भिंतीवर लावण्याची कल्पना, अशा गोष्टी आल्या. वर्षभरात ज्या सूचना प्रत्यक्ष वापरात टिकून राहिल्या त्यांत शिलाई आणि तपासणीचा वाटा सर्वांत मोठा आहे. हा विभाग शेवटी ठेवणारी योजना पुन्हा आखली पाहिजे, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे.

दुसरी उणीव भाषेची आणि ॲपची. ॲप मराठी आणि इंग्रजीत होते. सोलापूरच्या पूर्व भागात विणकाम करणारे पद्मशाली समाजातील असंख्य लोक घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्यांपैकी अनेकांची भाषा कन्नड असते, आणि मराठी उत्तम बोलणाऱ्यांनाही ती टंकलिखित करणे सोयीचे नसते. बोलून सूचना नोंदवण्याची सोय ॲपमध्ये नव्हती. मागांच्या शेडमध्ये सुरक्षिततेसाठी मोबाइल वापरण्यास मनाई आहे आणि शिलाई विभागातील कित्येक जणींच्या घरी एकच फोन असून तो मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. हे सर्व पहिल्या पाहणीतच दिसायला हवे होते. ॲपच्या समर्थनार्थ आयबीएमचे उदाहरण दिले गेले. त्या कंपनीने २००६ मध्ये आंतरजालावर भरवलेल्या विचारमंथनात १०४ देशांतील सुमारे दीड लाख लोक सहभागी झाले होते. उदाहरण खरे आहे, पण तेथे प्रत्येकासमोर संगणक होता आणि आलेल्या विचारांची छाननी करायला वरिष्ठांची फळी होती. एका छपराखाली काम करणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलण्यासाठी तेवढ्या यंत्रणेची गरज नसते. आम्ही ॲप बाजूला ठेवले, तेलुगू आणि कन्नड दोन्ही येणाऱ्या एका तरुण शिलाई कामगाराकडे वही दिली, आणि पाळीच्या शेवटी टेबलाटेबलाशी जाऊन लोक सांगतील ते लिहून घेण्याच्या कामाचा तिला वेगळा भत्ता दिला. सूचनांचा ओघ त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाला.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. ‘का’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून मूळ कारणापर्यंत जाण्याचा सराव आणि माशाच्या सांगाड्यासारखी कारणांची आकृती काढणे, या दोन्ही गोष्टी मास्तरांना आवडल्या आणि त्या आजही वापरात आहेत. प्रेरणादायी कथांचा भाग मात्र परका वाटला. चिकट कागदाच्या चिठ्ठ्यांची गोष्ट, म्हणजे १९६८ मध्ये सापडलेल्या कमकुवत गोंदापासून १९८० मध्ये बाजारात आलेल्या वस्तूपर्यंतचा प्रवास, कार्यालयातील लोकांना रमवतो. विणकर ऐकून घेतात, एवढेच. चिंतकिंदी मल्लेशम यांची गोष्ट आमच्या एका पर्यवेक्षकाने तेलुगूत सांगितली तेव्हा शेडमधील सगळे जवळ सरकले. तेलंगणातील आलेर भागातल्या या विणकर तरुणाने, साडीचा धागा गुंडाळताना दिवसभर हजारो वेळा हात फिरवावा लागल्यामुळे आईचा खांदा दुखतो हे पाहून, अनेक वर्षे धडपड करून ते काम करणारे यंत्र बनवले, त्याला आईच्या नावावरून ‘लक्ष्मी आसू’ असे नाव दिले आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या कित्येक कामगारांच्या आज्या-पणज्या त्याच मुलखातून आलेल्या आहेत. संस्थेने आपल्या साहित्यात अशी उदाहरणे आणावीत. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन २००० पासून देशभरातील सामान्य माणसांच्या शोधांची नोंद ठेवत आहे, त्यामुळे शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

मास्तर आणि जॉबर (माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर) यांच्या बाजूने आलेला विरोध संस्थेने उशिरा ओळखला. जॉबरचा शेडमधला मान त्याला यंत्राचे जे कळते त्यावर उभा असतो, आणि कालचा पोरगा बैठकीत उठून मागाबद्दल सांगू लागला की तो मान हलतो असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. काही आठवडे सूचना जॉबरच्या पातळीवरच अडत होत्या. शेवटी असे ठरले, की पहिले उत्तर जॉबरनेच द्यायचे, सूचना अमलात आणण्याचे काम त्याच्या हातून व्हायचे आणि फलकावर सुचवणाऱ्याबरोबर करून दाखवणाऱ्याचेही नाव लिहायचे. हा बदल समन्वयकाने सुचवला, त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. तो करारातील पहिल्या महिन्याच्या कामात असता तर बरेच रुसवे टळले असते.

बक्षिसांबाबत संस्थेचा मूळ प्रस्ताव महिन्यातील एका उत्तम सूचनेला रोख रक्कम देण्याचा होता. एका टेबलावर चार जणी बोलता बोलता जी गोष्ट सुचते ती नेमकी कोणाची, यावरून दोन मैत्रिणींत अबोला होण्याची वेळ आली. आता बक्षीस त्या विभागातील पूर्ण पाळीला मिळते. टाटा समूहाच्या इनोव्हिस्टा उपक्रमात यशस्वी न झालेल्या पण धाडसी प्रयत्नांसाठी स्वतंत्र सन्मान आहे. त्या धर्तीवर आम्हीही करून पाहिलेल्या आणि न जमलेल्या सूचना फलकावर ठेवतो. बीम वाहून नेण्यासाठी एका गटाने बनवलेली गाडी आमच्या अरुंद वाटांवर वळेना, तिचे चित्र अजून तेथे आहे आणि त्यातूनच वाटेवरचा माल हलवण्याचा विचार पुढे आला.

एका गोष्टीचे मला आश्चर्य वाटले. संस्थेच्या संपूर्ण साहित्यात कामगार कायद्याचा उल्लेख नव्हता. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्यसमिती नेमण्याची तरतूद होती, त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे, आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ४३अ मध्ये उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व नमूद केले आहे. कामगारांचा सहभाग ही मालकाने खुशीने दिलेली सवलत आहे असे चित्र उभे करण्यापेक्षा, कायद्याने आधीच घालून दिलेल्या समितीला या कामात घेणे अधिक सन्मानाचे आणि अधिक टिकाऊ आहे. जेथे संघटना आहे तेथे तिच्या प्रतिनिधीला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे.

शुल्काचा विचार करता, समन्वयकाच्या भेटींचा महिन्याचा खर्च आमच्याकडील एका अनुभवी मास्तराच्या पगाराच्या आसपास होता आणि ॲपचे शुल्क त्याहून वेगळे व बरेच अधिक होते. पहिला खर्च रास्त वाटला, दुसरा टाळता आला असता. ज्यांच्याकडे वीस-पंचवीसच माणसे आहेत, मालक स्वतः दिवसभर शेडमध्ये असतो आणि सगळ्यांशी बोलतो, त्यांनी ही सेवा घेऊ नये. वही, उत्तराची मुदत आणि बैठकीची मजुरी एवढ्यावर त्यांचे काम होईल. ज्यांना सहा महिन्यांत नवे डिझाइन किंवा नवा ग्राहक हवा आहे त्यांचीही निराशा होईल. आमच्याकडे अजून तरी नवे उत्पादन यातून आलेले नाही, आले आहेत ते कामाच्या पद्धतीतील बदल. चादर, टॉवेल किंवा गणवेश शिवण्याच्या मध्यम आकाराच्या कारखान्यांना, जेथे मालक आणि कामगार यांच्यात दोन-तीन पातळ्या उभ्या राहिल्या आहेत, तेथे ही सेवा घेण्यासारखी आहे असे मी निश्चितपणे म्हणेन.

आम्ही दुसऱ्या वर्षासाठी करार केला आहे, पण ॲप वगळून आणि समन्वयकाची भेट प्रत्येक वेळी शिलाई विभागापासून सुरू होईल या अटीवर. नव्या करारात आणखी एक कलम घातले आहे, ज्याकडे इतरांनीही लक्ष द्यावे. पहिल्या करारानुसार ॲपवर नोंदलेल्या सूचना संस्थेला आपल्या अन्य ग्राहकांना उदाहरण म्हणून दाखवण्याची मुभा होती. आता कोणतीही सूचना कारखान्याबाहेर सांगण्याआधी ती सुचवणाऱ्या व्यक्तीची संमती घ्यावी लागेल आणि तिची इच्छा असेल तर तिच्या नावासह सांगावी लागेल.